मदत हवी आहे: ट्रोपोनिनच्या रिपोर्टवर स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या मर्यादा कशा बसवायच्या?

धागाकर्ता: लॅबकोपरा

आमच्या लॅबमध्ये एबॉट कंपनीच्या आर्किटेक्ट यंत्रावर हाय सेन्सिटिव्ह (अगदी कमी पातळीही मोजणारी) ट्रोपोनिन-आय चाचणी सुरू करायची आहे. ट्रोपोनिन म्हणजे हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. ९९ व्या पर्सेंटाइलचे (९९ टक्के निरोगी लोक ज्याच्या खाली असतात ते) आकडे असे: स्त्रिया १६, पुरुष ३४, दोन्ही मिळून २६ (सगळे नॅनोग्रॅम प्रति लिटर). सोयीसाठी सरसकट २६ ठेवावा असा एक आग्रह आहे.

१) एकच मर्यादा ठेवली तर नेमकं काय हुकतं?
२) एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा) यांनाही वेगळ्या मर्यादा लावायच्या का?
३) सॉफ्टवेअरमध्ये कुठे गडबड होते?

सीरमवाला

२६ ठेवू नका. १६ ते २६ मधल्या स्त्रिया 'नॉर्मल' म्हणून निघून जातील आणि २६ ते ३४ मधले पुरुष विनाकारण लाल रंगात येतील. स्त्रियांच्या हृदयाच्या स्नायूचं वस्तुमान कमी असतं, त्यामुळे निरोगी अवस्थेतली पातळीच खाली असते. फरकाचं हे एक मोठं कारण. हृदयविकाराच्या झटक्याच्या २०१८ च्या चौथ्या जागतिक व्याख्येतही हाय सेन्सिटिव्ह किटसाठी लिंगानुसार मर्यादा सुचवली आहे.

पण मर्यादा बदलली म्हणजे काम संपलं, असं नाही. स्कॉटलंडमधल्या हाय-स्टीक्स या अभ्यासात हाय सेन्सिटिव्ह किट आणि वेगळ्या मर्यादा यांमुळे हृदयस्नायूला इजा झालेल्या स्त्रिया ४२ टक्क्यांनी जास्त सापडल्या. तरी त्यांना पुरुषांच्या तुलनेत उपचार कमीच मिळाले. म्हणून आकड्याशेजारी 'H' (हाय, म्हणजे जास्त) छापून थांबू नका. 'स्त्रियांच्या मर्यादेपेक्षा जास्त, पुढचा नमुना आवश्यक' असं स्पष्ट लिहा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक चाचणीला वेगळं आहे. एनटी-प्रोबीएनपी तरुण स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्तच असतो, कारण टेस्टोस्टेरॉन तो दाबतं. तरीही तिथे लिंगानुसार मर्यादा लावू नका. तीव्र धाप घेऊन आलेल्या रुग्णात ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. निदानाच्या बाजूने ५० वर्षांखाली ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, त्यापुढे १८००. इथे वय महत्त्वाचं. स्थूल माणसात हा आकडा फसवा कमी येतो आणि किडनी बिघडली की वाढतो, हे तळटीपेत असू द्या.

एचडीएलला वेगळी मर्यादा हवी: पुरुषांत ४० च्या खाली, स्त्रियांत ५० च्या खाली (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असेल तर कमी. एलडीएलचं (वाईट कोलेस्टेरॉलचं) उद्दिष्ट धोक्यावर ठरतं, लिंगावर नाही. रजोनिवृत्तीनंतर तो चढतो, म्हणून जुन्या रिपोर्टवर विसंबू नये. एचएस-सीआरपी (हाय सेन्सिटिव्ह सीआरपी) तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने वाढतो, तेव्हा मागणीपत्रात गर्भनिरोधक गोळ्या आणि हार्मोन उपचारांसाठी रकाना ठेवा. आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर आधी संसर्ग शोधा आणि तो ओसरल्यावर चाचणी पुन्हा करा.

क्यूसी_खाते

सॉफ्टवेअरचं सांगतो. सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे लिंगाचा रिकामा रकाना. बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाची नोंद घाईत होते, आणि काही प्रणाली रकाना रिकामा दिसला की आपोआप 'पुरुष' धरतात. तिथे ३४ लागतो आणि २२ आलेली स्त्री नॉर्मल ठरते. नोंद नसेल तर दोन्ही मर्यादा छापा. हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स व्यक्तींसाठीही हेच करा.

दुसरी गडबड एककाची. जुन्या किटचे रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतील, तर जुना ०.०१६ आणि नवा १६ एकच. दोन्ही एका आलेखात आले तर हजारपट उडी दिसते. नॅनोग्रॅम प्रति लिटर आणि पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्र आकड्याने सारखेच.

तिसरी, क्यूसीची (यंत्राच्या गुणवत्ता तपासणीची) पातळी. फक्त वरच्या पातळीचा कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) चालवून १६ ची खात्री मिळत नाही. १६ जवळ एक आणि ५ च्या आसपास एक कंट्रोल ठेवा; १६ ला सीव्ही (तोच नमुना परत परत मोजल्यावर आकड्यांत पडणारी तफावत) १० टक्क्यांच्या आत हवा. सीरम नीट गोठलं नसेल तर फायब्रिनचा (रक्ताच्या गुठळीतल्या प्रथिनाचा) धागा खोटी वाढ दाखवतो. अनपेक्षित वाढ आली की नमुना पुन्हा सेंट्रिफ्यूज करून परत चालवा. एका रुग्णाचे सगळे नमुने एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये घ्या.

लॅबकोपरा

समजा ४८ वर्षांची स्त्री, पहिला आकडा १८, तासाने १९. रिपोर्टवर काय लिहायचं?

सीरमवाला

'९९ व्या पर्सेंटाइलपेक्षा जास्त, तासाभरात लक्षणीय बदल नाही.' 'हार्ट अटॅक' लिहू नका. ते ईसीजी आणि लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतील. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या शून्य-एक तास पद्धतीत या किटवर 'झटका नाही' असं ठरवायला पहिला आकडा ४ च्या खाली हवा आणि छातीत दुखायला लागून तीन तास उलटलेले हवेत. किंवा पहिला ५ च्या खाली आणि तासाभरातला बदल २ पेक्षा कमी. ६४ किंवा जास्त, अथवा बदल ६ किंवा जास्त असेल तर झटक्याच्या बाजूने. १८-१९ मधल्या गटात जातो, म्हणून तिसरा नमुना ३ तासांनी.

हे आकडे स्त्री-पुरुष दोघांना एकच आहेत, त्यांत लिंगानुसार फेरफार करू नका. पुरुषात १८ मर्यादेच्या आत असतो, पण तोही याच मधल्या गटात राहतो. तिसराही १८-१९ च राहिला तर कारण बहुधा जुनं आहे: किडनी, हार्ट फेल्युअर, दीर्घकाळचा रक्तदाब. आकडा स्थिर पण खूप उंच, आणि रुग्णाच्या स्थितीशी काहीच मेळ नाही असं असेल, तर हेटेरोफाइल अँटिबॉडी (चाचणीत अडथळा आणणारी रुग्णाच्या रक्तातली अँटिबॉडी) किंवा मॅक्रोट्रोपोनिनची (अँटिबॉडीला चिकटलेल्या ट्रोपोनिनची) शंका घ्या. नमुना पातळ करून बघा, आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ताडून पाहा.