लॉन उखडू नका, माती वरूनही सुधारते
नवीन लॉनच्या लाद्यांखाली (म्हणजे मातीसकट आणून अंथरलेल्या गवताच्या तुकड्यांखाली) कडक चिकणमाती निघाली म्हणून सगळं उखडून परत खणायचं म्हणताय, तसं अजिबात करू नका, वरूनही माती सुधारते फक्त वेळ लागतो. आधी मुळं धरू द्या, एखादा कोपरा हलकेच ओढून बघा, सुटला नाही म्हणजे मुळं खाली उतरली. मग चाळलेलं कंपोस्ट जेमतेम अर्धा सेंमी पसरून झाडूने आत सारायचं, पाती वर दिसलीच पाहिजेत नाहीतर गवत गुदमरतं. लॉन चांगलं घट्ट बसलं की ५ ते ८ सेंमी खोल भोकं पाडून त्यातही कंपोस्ट भरा, पुढचं काम गांडुळं करतात. आणि कुणी वाळू मिसळायला सुचवलं तर ती प्लीज नको, चिकणमातीत थोडीशी वाळू मिसळली तर ती अजूनच टणक होते.