माशांचे कोडे आणि वाचता येणारा कोड
प्रोग्रामिंगच्या कोड्यांपुरता कोड कमीत कमी ओळींत बसवावा आणि सुवाच्यतेची काळजी नोकरीतल्या कामासाठी राखून ठेवावी, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. 'ॲडव्हेंट ऑफ कोड' या दर डिसेंबरात होणाऱ्या प्रोग्रामिंग कोड्यांच्या ऑनलाइन उपक्रमातले 2021 च्या सहाव्या दिवसाचे कोडे पाहा. त्यात प्रत्येक माशाचा एक आकडा रोज एकाने घटतो, आणि शून्यानंतरच्या दिवशी तो मासा पुन्हा 6 वर येतो व 8 आकडा असलेला नवा मासा जन्मतो. नमुन्यातल्या 5 माशांचे 80 दिवसांत 5,934 मासे होतात, पण दुसऱ्या भागातल्या 256 दिवसांत ती संख्या 2,698 कोटींच्या वर जाते. त्यामुळे प्रत्येक मासा यादीत वेगळा ठेवणारा कोड तिथे कोलमडतो. प्रत्येक आकड्याचे मासे किती, एवढेच 0 ते 8 अशा नऊ घरांत मोजणे पुरते.

मी त्या नऊ घरांच्या यादीला आधी नुसते 'टी' म्हटले होते आणि उत्तर सतत कमी येत होते. यादीचे नाव 'उरलेल्या_दिवसांनुसार_मासे' असे केले (पायथन या प्रोग्रामिंग भाषेत देवनागरी नावे चालतात) आणि एक दिवस पुढे नेणारे फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, वेगळे काढले, तेव्हा चूक लगेच दिसली: सहाच्या घरात सातवरून सरकलेले मासे आधीच असतात, आणि मी त्यांच्यात बेरीज करण्याऐवजी ती संख्याच पुसून टाकत होतो. त्यानंतर दुसऱ्या भागासाठी फक्त 80 च्या जागी 256 लिहावे लागले.