मदत हवी आहे: आयुध निर्माण्यांचा खर्च २०२१ नंतर कुठे दाखवतात?

नोंदवही
आयुध निर्माण्यांवरच्या (लष्करासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांवरच्या) खर्चाचा दहा वर्षांचा तक्ता करतोय. २०२१ पर्यंत आकडे मिळतात, पुढे काहीच नाही. आधीचे आकडेही इतके लहान की ४१ कारखान्यांचा पगारसुद्धा त्यात भागणार नाही. उद्या तक्ता द्यायचा आहे. योग्य आकडा कुठे आहे तेवढं सांगा.

लेखाशीर्ष
कोणती पुस्तिका उघडली आहे? रकाना अंदाजाचा की प्रत्यक्ष खर्चाचा? ढोबळ की निव्वळ?

बारामतीकर
संरक्षणाचा खर्च जीडीपीच्या टक्क्यांत बघायला हवा. २०२५-२६ च्या ६,८१,२१० कोटींपैकी १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनातच जातात. खरा प्रश्न तो आहे.

नोंदवही
निवृत्तिवेतनाचं विचारलेलं नाही. अर्थसंकल्पाची मुख्य पुस्तिका आहे, आकडा निव्वळ आहे बहुतेक.

लेखाशीर्ष
मग घोळ तिथेच आहे. निर्माण्यांचं प्रधानशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातला मुख्य खातेक्रमांक, २०७९. त्यात साहित्य, मजुरी, वाहतूक सगळं धरतात आणि लष्कर, नौदल, हवाई दलाला दिलेल्या मालाची किंमत वजा करतात. उरतो तो निव्वळ आकडा, म्हणून तो लहान. संरक्षण मंत्रालयाचे 'संरक्षण सेवा अंदाज' काढा, त्यात ढोबळ आणि वजा वसुली वेगळी दिसते. पण ढोबळ २०७९ आणि लष्कराच्या २०७६ मधली भांडारखरेदी (साहित्य, दारूगोळ्याची खरेदी) यांची बेरीज करू नका. तोच तोफगोळा दोनदा मोजला जाईल.

प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी छापतात. २०२१-२२ चा हवा असेल तर २०२३-२४ ची पुस्तिका उघडा.

चांदा
आणि २०२१-२२ हे वर्ष मुळात तुटलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला हे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या आल्या. पहिले सहा महिने सरकारी खातं, पुढचे सहा महिने कंपनी. त्या वर्षावर तळटीप हवीच. कंपन्या करण्याचा निर्णयच चुकीचा होता, कामगार संघटनांनी तेव्हाच सांगितलं होतं.

लेखाशीर्ष
निर्णयावर वेगळा धागा काढा.

पटलावर
एवढी आकडेमोड कशाला? कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे, अहवाल वाचा. २०१५ चा अहवाल १९ आणि २०१७ चा अहवाल १५, दोन्हींत दारूगोळ्याची तपासणी आहे. २०१७ च्या अहवालात युद्धात ४० दिवस पुरेल एवढ्या साठ्याचा निकष लावून १५२ प्रकार तपासले, त्यातले ६१ प्रकार १० दिवसही पुरले नसते. खर्चापेक्षा हे महत्त्वाचं.

चांदा
त्यात साठ्याचा हिशोब आहे, खर्चाची मालिका नाही. शिवाय संरक्षणाचे अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचं धोरण तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षींनी २०२० मध्ये उघड सांगितलं होतं. त्या काळातले अहवाल सहज सापडत नाहीत, संसदेच्या पटलावरच्या कागदांत शोधावे लागतात.

नोंदवही
बरं, पण २०२२-२३ पासून काय धरू?

चांदा
सातही कंपन्यांचे वार्षिक अहवाल. कंपनी कायद्याच्या कलम ३९४ नुसार ते संसदेपुढे ठेवावे लागतात. म्युनिशन्स इंडिया पुण्याची, यंत्र इंडिया नागपूरची, बाकीच्या बाहेर. उलाढाल जोडली की मालिका पूर्ण.

लेखाशीर्ष
मुळीच नाही. पूर्वीचा आकडा खात्याअंतर्गत पुरवठ्याचा, आताची उलाढाल कराराच्या दराची. आणि बेरीज फुगते ती वेगळीच. अंबरनाथचे काडतुसांचे पितळी कप वरणगावला जायचे तेव्हा एकाच मंडळातली देवाणघेवाण होती. आता अंबरनाथ यंत्र इंडियात आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियात, म्हणजे ती विक्री झाली. कप एकदा यंत्रच्या उलाढालीत, पुन्हा काडतुसाच्या किमतीत. कंपन्यांच्या टिपांत आपसातल्या विक्रीची रक्कम मिळाली तर ती वजा करा, नाही मिळाली तर बेरीज करूच नका.

सरकारी खर्चच हवा असेल तर उलाढाल सोडा. दारूगोळा महसुली खर्चात २०७६ च्या भांडारात आहे, रणगाडे आणि तोफा भांडवली ४०७६ मध्ये. मंडळाकडे आधीच नोंदवलेल्या मागण्यांचे कंपन्यांशी ६५,००० कोटींहून अधिक रकमेचे करार झाले, त्यात आगाऊ रक्कम गेली असेल तर पैसे एका वर्षात आणि माल दुसऱ्यात दिसेल.

बारामतीकर
आणि जुन्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तिवेतन अजून सरकारच भरतं, प्रधानशीर्ष २०७१. ते मिळवलं नाही तर कंपन्या झाल्यावर खर्च घटल्याचा भास होईल.

नोंदवही
हे आधी सांगायचं! २०२१-२२ ला रेघ मारून दोन वेगळे तक्ते करतो. आगाऊ रकमेचा तपशील कोणत्या पुस्तिकेत असतो?

लेखाशीर्ष
संरक्षण सेवांचे विनियोजन लेखे बघा. संसदेने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा कमी-जास्त खर्चाची कारणं तिथे दिलेली असतात.