मदत हवी आहे: १८८८ ची स्खोटरलांड मतदारसंघाची मतदारयादी कुठे मिळेल? (तातडीचं)

केतकी_फ्रीसलांड
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. पुढच्या रविवारी माझ्या सासऱ्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होताहेत. लहानपणापासून ते ऐकत आलेत की त्यांच्या आजोबांनी डोमेला न्यूवेनहाउसला मत दिलं होतं. मला स्खोटरलांडच्या मतदारयादीतलं ते पान छापून, चौकटीत बसवून त्यांना द्यायचंय. दोन रात्री शोधतेय, काही सापडत नाही. यादी कुठे असते? कृपया फक्त नेमकं सांगा, वेळ फार कमी आहे.

मुसाफिर_पुणेकर
कोण डोमेला? कुठलं स्खोटरलांड? ताई, आम्हाला काहीच माहीत नाही असं धरून लिहा ना जरा.

वाचनवेडा
मी सांगतो. फर्डिनंड डोमेला न्यूवेनहाउस, जन्म १८४६. ल्युथरन पंथाचा पाद्री होता, १८७९ मध्ये चर्च सोडलं आणि 'सगळ्यांसाठी न्याय' अशा अर्थाच्या नावाचं समाजवादी पत्र काढलं. त्यात राजाविरुद्ध छापून आलेल्या लेखापायी १८८७ मध्ये तुरुंगात गेला. बाहेर आला आणि काही महिन्यांतच, मार्च १८८८ च्या निवडणुकीत, नेदरलँड्समधल्या फ्रीसलांड प्रांतातल्या स्खोटरलांड मतदारसंघातून निवडून आला. नेदरलँड्सच्या संसदेतला पहिला समाजवादी. तिथले लोक त्याला फ्रीजियन भाषेत 'आमचा तारणहार' म्हणायचे. हेरेनफेन गावाच्या आसपासचा हा सगळा पीट (दलदलीतली, जळणाला वापरायची माती) खणायचा भाग. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या लोकांनी आपला माणूस दिल्लीला पाठवावा, तसं झालं ते.

दस्तऐवज
केतकीताई, चार गोष्टी सांगा म्हणजे पुढे बोलता येईल. आजोबांचं गाव कुठलं? जन्मसाल? काम काय करायचे? आणि तुम्हाला 'स्खोटरलांड' म्हणजे नगरपालिका म्हणायचीय की मतदारसंघ? दोन्ही वेगळे आहेत. नगरपालिका १९३४ मध्ये संपली, आंगविर्डन वगैरेबरोबर एकत्र होऊन आजची हेरेनफेन झाली. मतदारसंघ त्याआधीच, १९१८ ला गेला. याद्या मतदारसंघाच्या नावाने नाहीत, त्या नगरपालिका करायची. तुम्ही बहुतेक चुकीच्या नावाखाली शोधताय.

केतकी_फ्रीसलांड
नाव इथे देत नाही. गाव युबेखा. बाकी सासऱ्यांना न कळू देता विचारायचंय, जरा थांबा. पण यादी ऑनलाइन आहे की नाही एवढं तरी सांगा!

कोकणचा_राजा
डच म्हटलं की मला आमच्या वेंगुर्ल्याची वखार आठवते. १७ व्या शतकातली. पडझड झाली आहे, पण भिंती अजून उभ्या आहेत. तुम्ही नेदरलँड्समध्ये आहात तर तिथल्या दफ्तरात वेंगुर्ल्याचे कागद बघता येतील का? आमच्या घराण्यात एक कथा आहे…

दस्तऐवज
राजेसाहेब, वखारीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे जरूर लिहीन. इथे ताईंची घाई आहे.

अभ्यासू_आजी
मी १९ वर्षं फ्रीसलांडमध्ये आहे, दर शनिवारी लेवार्डनच्या त्रेसोआर अभिलेखागारात जाऊन बसते, म्हणून सांगते. सर्वांनी मत दिलं असं ज्यांना वाटतंय त्यांनी जरा ऐकावं. १८८७ च्या घटनादुरुस्तीने मतदार वाढवले, पण अट ठेवली 'पात्रतेची आणि सामाजिक सुस्थितीची चिन्हं' असण्याची. हे शब्द इतके सैल होते की त्या कलमाला रबरी कलम म्हणायचे. प्रत्यक्षात तेव्हा घराचं भाडेमूल्य आणि त्यावरचा कर बघत. देशात मताचा हक्क साधारण चौथ्या हिश्श्याच्या पुरुषांकडे आला, बायकांकडे अजिबात नाही. आणि आदल्या वर्षी ज्याने धर्मादाय मदत घेतली तो बाद. आता विचार करा, पीट खणायचं काम वसंतात सुरू होऊन उन्हाळ्यात संपायचं. हिवाळ्यात घरात काय शिजवणार? मदत घ्यावीच लागायची. म्हणजे ज्यांच्यासाठी डोमेला भांडत होता, त्यातल्या कितीतरी जणांना त्याला मत देता येत नव्हतं.

वाचनवेडा
आजी, मग तो निवडून आला कसा? मजुरांनीच आणला. पुस्तकं तसंच सांगतात.

अभ्यासू_आजी
मजुरांनी सभा भरवल्या, गाव पेटवलं, हे खरं. मतं मात्र छोटे दुकानदार, कारागीर, दोन-चार गाईंचे धनी यांचीसुद्धा होती. शिवाय तेव्हा पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं लागत. ती कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. डोमेला दुसऱ्या फेरीत उदारमतवादी उमेदवाराविरुद्ध जिंकला, आणि त्या उमेदवाराला पाडायचं म्हणून कट्टर प्रोटेस्टंटांचीही मतं डोमेलाला पडली. फक्त मजुरांवर हा विजय लिहून टाकू नका. १८९१ ला तो हरला, हेही लक्षात घ्या.

वाचनवेडा
हरला कारण संसदेत तो एकटा पडला, बोललेलं कुणी ऐकून घेईना, आणि मग त्याचाच संसदेवरचा विश्वास उडून तो अराज्यवादाकडे वळला. तुम्ही मजुरांचं श्रेय काढून घेताय. गवताळ मातीच्या ढेपा रचून केलेल्या झोपड्यांत राहणारी माणसं, मालकाच्याच दुकानातून मालक सांगेल त्या भावाने माल घ्यायचा, अशा ठिकाणी मालकाच्या माणसाविरुद्ध उभं राहणं म्हणजे काय हे आकड्यात दिसत नाही.

अभ्यासू_आजी
ते मला मान्यच आहे. पण ताईंना चौकटीत पान लावायचंय, भावना नाही. पान खरं असलं पाहिजे.

बर्फावर_घसरलेला
हेरेनफेन म्हणजे थियाल्फ! बर्फावरच्या शर्यतींचं मैदान! ताई, सासऱ्यांना तिथे घेऊन जा, ऐंशीव्या वर्षी चौकटीतल्या कागदापेक्षा जास्त आनंद होईल.

केतकी_फ्रीसलांड
सासरे आठवड्याला दोनदा तिथे जातातच हो. बरं, विचारलं मी. नवऱ्याच्या आत्याकडे कागद होते. आजोबांचा जन्म नोव्हेंबर १८६७, युबेखा. लग्न मे १८९२. काम: मजूर. झालं का आता?

दस्तऐवज
ताई, झालं आणि नाहीही. मार्च १८८८ मध्ये आजोबा २० वर्षांचे होते. नव्या घटनेप्रमाणे किमान वय २३. म्हणजे त्यांनी १८८८ मध्ये मत दिलेलं नाही, देऊच शकत नव्हते.

केतकी_फ्रीसलांड
असं कसं? घरात सगळे हेच सांगतात. सासरे ही गोष्ट नातवंडांना दर वाढदिवसाला सांगतात. मी आता काय करू? चौकट बनवायलासुद्धा दिली आहे.

मुसाफिर_पुणेकर
पान न लावता डोमेलाचा फोटो लावा. कुणाला कळतंय.

अभ्यासू_आजी
असलं काही सुचवू नका. माणूस ऐंशी वर्षं एक गोष्ट जपतोय, त्याला खोटा कागद द्यायचा? केतकी, बाळ, घाबरू नकोस. घरातली गोष्ट सहसा पूर्ण खोटी नसते, एखादी पिढी सरकलेली असते. लग्नाची नोंद 'आले फ्रीझन' या संकेतस्थळावर असेल, फुकट दिसते. ती उघड. त्यात वर-वधूच्या वडिलांचे धंदे लिहिलेले असतात. आजोबांच्या वडिलांचं काय लिहिलंय ते बघ.

तळ्यात_मळ्यात
मला कोणी सांगेल का, मतदारसंघ बंद का केले? आपल्याकडे तर अजून आहेत.

दस्तऐवज
थोडक्यात सांगतो, मग मूळ विषयावर येऊ. शाळांना मिळणारा सरकारी पैसा आणि मताधिकार हे दोन जुने वाद १९१७ मध्ये एकत्र मिटवले. धार्मिक शाळांना बरोबरीचा पैसा, आणि त्याबदल्यात सर्व पुरुषांना मत. त्याच सौद्यात एकेका जागेचे मतदारसंघ गेले आणि देशभरच्या मतांच्या प्रमाणात जागा आल्या. १९१८ ची निवडणूक तशी झाली. बायकांना हक्क १९१९ ला मिळाला, पहिल्यांदा मत १९२२ ला.

केतकी_फ्रीसलांड
सापडली नोंद!! हात थरथरतायत. आजोबांची सही आहे खाली, स्वतःची. मोठं मोठं अक्षर, शेवटच्या अक्षरावर शाईचा डाग पडलेला. वधूच्या वडिलांच्या पुढे मात्र लिहिलंय की लिहिता येत नसल्याचं सांगितलं. आणि आजोबांच्या वडिलांचा धंदा 'कूमेल्कर' लिहिलाय. गाई दुसऱ्यांच्या होत्या का? गवळी म्हणायचं का?

अभ्यासू_आजी
गवळी नव्हे गं! फ्रीसलांडच्या नोंदींत कूमेल्कर म्हणजे थोड्या गाई स्वतःच्या असलेला छोटा शेतकरी. मोठा शेतकरी वेगळा, मजूर वेगळा, हा मधला. मी वर म्हटलं ना, दोन-चार गाईंचे धनी? या माणसाला १८८८ मध्ये मत असण्याची चांगली शक्यता आहे. आजोबांच्या वडिलांचं मत गोष्टीत आजोबांकडे आलं असेल.

वाचनवेडा
आणि मुलगा बापाला सभेला घेऊन गेला असेल. वीस वर्षांचा मजूर पोरगा, डोमेला गावात आलाय… मला हे पटतं. आजी, तुमचं बरोबर होतं मतांबाबत.

दस्तऐवज
एक शक्यता आणखी. १८९६ च्या कायद्याने मताधिकार बराच रुंद झाला: थोडा कर भरणारे, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारे, ठरावीक पगार असलेले, बचत असलेले, परीक्षा पास झालेले. किमान वय २५. म्हणजे १८९७ च्या निवडणुकीला आजोबा २९ वर्षांचे, बसू शकतात. आणि १८९७ ला स्खोटरलांडने पुन्हा समाजवादीच निवडला, खोरेडाइक गावचा फान डर झ्वाख. म्हणजे "आजोबांनी समाजवाद्याला मत दिलं" हे खरं असू शकतं, फक्त डोमेलाला नव्हे.
पण लक्षात ठेवा, यादीत फक्त हक्क दिसतो. मत कुणाला दिलं ते कुठेच नाही. १८८८ मध्ये उमेदवाराचं नाव हाताने लिहायचं होतं. छापील नावं आणि आडोशाचा कक्ष १८९६ च्या कायद्याने आला.

केतकी_फ्रीसलांड
मग मी दोन्ही याद्या मागते, १८८८ ची आणि १८९७ ची. बापाचं नाव पहिल्या यादीत निघालं तर तेच पान चौकटीत, आणि लग्नाची नोंद त्याच्या खाली, सहीसकट. सासऱ्यांना सही आवडेल, त्यांचं अक्षर असंच आहे. फोन कुणाला करायचा पण? त्रेसोआरला की हेरेनफेनला?

अभ्यासू_आजी
हेरेनफेनला, नगरपालिकेच्या अभिलेखागारात. स्खोटरलांडचं जुनं दफ्तर तिथे विचार. 'कीझर्सलाइस्ट' (मतदारयादी) हा शब्द वापर, युबेखा गाव सांग, वर्षं दोन्ही सांग. सकाळी नऊनंतर कर. रविवारपर्यंत जमायचं नाही म्हणाले तर मला कळव, मी गाडीने जाऊन फोटो काढून आणते.

केतकी_फ्रीसलांड
आजी, उद्या नऊ वाजता करते. इथेच येऊन सांगते.