विंडोज ७ वरून १० : जुन्या स्टिकी नोट्स परत कशा आणायच्या?

प्रश्न:
७ काढून १० नव्याने टाकली, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला नव्हता. स्टिकी नोट्स उघडलं की एकच कोरी पिवळी चिठ्ठी. जुन्या नोट्स बहुतेक मराठीत आहेत. मिळतील का?

उत्तर १:
मिळतील, पण आधी सी वरचं विंडोज डॉट ओल्ड फोल्डर (जुन्या विंडोजच्या फाइली यात असतात) सांभाळा. साधारण १० दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. डिस्क क्लीनअपला हातच लावू नका.

७ मध्ये सगळ्या चिठ्ठ्या एकाच फाइलीत असतात: स्टिकीनोट्स डॉट एसएनटी. वाट अशी: विंडोज डॉट ओल्ड, यूजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, स्टिकी नोट्स. अ‍ॅपडेटा लपलेलं असतं. व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक करा. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.

२०१६ च्या १६०७ आवृत्तीपासून हे स्टोअरचं अ‍ॅप झालं. ते नोट्स प्लम डॉट एसक्यूलाइट या डेटाबेसात ठेवतं, जुन्या जागेकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून अ‍ॅप बंद करून आताच्या अ‍ॅपडेटामध्ये लोकल, पॅकेजेस, मग नावात मायक्रोसॉफ्टस्टिकीनोट्स असलेलं फोल्डर आणि त्यातलं लोकलस्टेट उघडा. तिथे लेगसी फोल्डर करा, एसएनटी फाइल त्यात टाका आणि नाव थ्रेशोल्डनोट्स डॉट एसएनटी करा (नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत). एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं डॉट एसएनटी) दिसत नसेल तर नाव बदलताना ते चुकून दोनदा जोडलं जातं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आता अ‍ॅप उघडा.

प्रश्नकर्ता:
फाइल सापडली. नव्या अ‍ॅपमध्येही दोन नोट्स लिहिल्यात, त्या जातील?

उत्तर २:
धोका घेऊ नका, दोन्हींचा मजकूर आधी नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा. लोकलस्टेटची कॉपी काढायची असेल तर प्लम नावाच्या तिन्ही फाइली एकत्र घ्या. ताजं लिखाण बऱ्याचदा शेवटी डब्ल्यूएएल असलेल्या फाइलीतच असतं, एकटी मुख्य फाइल नेली तर तेवढंच गळतं. १० वरून ११ वर जातानाही हेच. आणि सेटिंग्जमधलं स्टिकी नोट्सचं रिसेट दाबू नका, त्याने या कॉम्प्युटरवरच्या नोट्स पुसल्या जातात.

उत्तर ३:
लेगसीने काम झालं नाही तर एसएनटीची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. मराठी अक्षरांऐवजी आकडे दिसतील (क म्हणजे २३२५, म म्हणजे २३५०), घाबरू नका, तो आरटीएफ (फॉरमॅटिंगसह मजकूर साठवायची पद्धत) मजकूर आहे. आरटीएफ१ च्या आधीच्या महिरपी कंसापासून त्याच्या जोडीच्या कंसापर्यंतचा भाग नव्या फाइलीत चिकटवा, आरटीएफ म्हणून सेव्ह करा, वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडा. मराठी वाचता येते. प्रत्येक चिठ्ठीला हे वेगळं करावं लागतं. मजकूर मध्येच तुटलेलाही निघू शकतो.