उलटा हसरा चेहरा, दोन चांदण्या आणि कवटी : हे नेमके कसे वाचायचे?

निळी शाई

माझी भाची सतरा वर्षांची आहे. आम्हा दोघींचे लहानपणापासून जमते, त्यामुळे हा प्रश्न मी केवळ कुतूहलापोटी विचारत नाही. गेल्या आठवड्यात तिच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. कसा लागला असे मी विचारले, तेव्हा तिचे उत्तर आले : "अगदी ✨अप्रतिम✨ 🙃💀". मी शब्द वाचला, चांदण्या पाहिल्या, हसरा चेहरा पाहिला आणि मनापासून अभिनंदन केले. कवटी चुकून पडली असावी, असे समजून मी ती सोडून दिली. संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा कळले की प्रवेशापुरते गुण तिला पडले नव्हते आणि दुपारपासून ती खोलीबाहेर आली नव्हती. माझ्या अभिनंदनाला तिने नुसता अंगठा पाठवला होता आणि त्यानंतर तीन दिवस तिचा एकही संदेश आला नाही.

मला असे विचारायचे आहे की, या चिन्हांच्या जोड्यांना तरुण मुलांमध्ये काही ठरलेला अर्थ असतो का? असेल, तर तो चित्राच्या इतका उलट का असतो? आणि माझ्यासारखीने अशा संदेशाला उत्तर द्यावे तरी कसे?

अक्षरओळख

ताई, मी गेली अनेक वर्षे भाषा शिकवतो आणि माझ्या मते आपला प्रश्न चिन्हांपेक्षा आवाजाबद्दलचा अधिक आहे. आपण समोरासमोर "शहाणाच आहेस!" किंवा "मोठेच उपकार केलेस!" असे म्हणतो, तेव्हा ऐकणारा ते शब्दशः घेत नाही, कारण स्वराला पडलेला बाक त्याच्या कानाला लगेच कळतो. आपल्या साहित्यशास्त्राने स्वराच्या या बाकाला 'काकू' असे नाव दिले आहे, आणि वाच्यार्थ बाजूला सारून नेमका उलट अर्थ घ्यावा लागतो त्या ठिकाणी विपरीत लक्षणा मानली आहे. लिहिताना हा स्वर गळून पडतो. ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर उपायही अनेकांनी सुचवले. अल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने १८९९ साली उलट्या प्रश्नचिन्हासारखे एक स्वतंत्र उपरोधचिन्ह मांडले होते, पण ते रूढ झाले नाही. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फाल्मन यांनी तेथील संगणकीय सूचनाफलकावर अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा आडवा चेहरा सुचवला, तो विनोदाने लिहिलेले वाक्य कोणी गंभीरपणे घेऊ नये म्हणूनच. म्हणजे हसरा चेहरा संगणकावर आला तो आनंद दाखवण्यासाठी नव्हे, तर "हे शब्दशः घेऊ नका" हे सांगण्यासाठी. आपल्या भाचीने तो नेमका त्याच कामाला वापरला आहे, असे मला वाटते.

आता जोडीबद्दल. एकटे चिन्ह बहुधा साध्या अर्थाने वाचता येते. हृदय म्हणजे प्रेम, चांदण्या म्हणजे झगमगाट. परंतु परस्परांशी न जुळणारी दोन चिन्हे शेजारी आली, किंवा चिन्ह आणि मजकूर यांचा मेळ बसला नाही, की वाचणाऱ्याला थांबावे लागते आणि ही विसंगती मुद्दाम केलेली आहे हे त्याच्या ध्यानात येते. "अप्रतिम" या शब्दाला दोन्ही बाजूंनी चांदण्या लावणे हे तो शब्द अवतरणचिन्हांत टाकण्यासारखे आहे. एरवी लोक ज्याला अप्रतिम म्हणतात तो शब्द मी येथे नुसता उचलून दाखवते आहे, तो माझा नव्हे, असे त्यातून सुचते. त्यापुढे उलटा चेहरा आला, की हसू आहे पण ते जागेवर नाही, हेही कळते. आपण कवटी सोडून दिलीत, पण माझ्या वाचनात तीच निर्णायक होती, कारण अशा ओळीत शेवटचे चिन्ह बहुतेक वेळा आधीच्या सगळ्यांवर शेरा मारते.

अर्थ उलट का होतो, याचे एक कारण झीज हे आहे. आनंदाश्रूंसह हसणाऱ्या चेहऱ्याची २०१५ साली ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनी वर्षाचा शब्द म्हणून निवड केली होती. जे चिन्ह सर्वांच्या हाती जाते, त्याचा जोर उरत नाही. खदाखदा हसणे आणि नुसते "बरं" म्हणणे या दोन्हींसाठी तेच चिन्ह येऊ लागल्यावर खऱ्या हसण्यासाठी मुलांना दुसरे काही शोधावे लागले, आणि "हसून हसून मेलो" या अर्थाने कवटी आली, धाय मोकलून रडणारा चेहरा आला. उपरोधाच्या खुणेचेही असेच होते. तिचा अर्थ सर्वांना ठाऊक झाला की ती उपरोध न राहता साधा शब्द बनते. म्हणून याचा कायमचा कोश करता येईल असे मला वाटत नाही आणि तसा कोणी केला, तरी तो छापून होईपर्यंत जुना झालेला असेल.

अर्धविराम

मी एकोणीस वर्षांची आहे आणि वरील प्रतिसादातील बहुतेक भाग मला पटला, तरी एक गोष्ट आतून सांगावीशी वाटते. आम्ही या जोड्या कोणाला चकवण्यासाठी वापरत नाही, आणि कवटीचा अर्थ दर वेळी हसणे हाच असतो असेही नाही. "माझे संपले" हे हसत सांगायचे असते तेव्हा कवटी येते. ते हसणे खरे की वरवरचे, हे आधीच्या शब्दांवरून आणि ज्याला लिहिले त्याच्याशी असलेल्या नात्यावरून ठरते.

माझ्या मैत्रिणींमध्ये जे चालते तेवढे सांगते. डोळे भरून आलेला विनवणीचा चेहरा आणि त्यापुढे एकमेकींना टेकलेली दोन बोटे (🥺👉👈) म्हणजे लाजत, संकोचत काही मागणे. ते कधी खरे असते, पण बहुधा लाजण्याची नक्कल असते, कारण थेट मागण्याचे धाडस होत नाही. दोन डोळे आणि मध्ये ओठ (👁👄👁) म्हणजे थिजून बघत राहणे, काय बोलावे तेच न सुचणे. नुसता उभा असलेला माणूस (🧍) म्हणजे अवघडून, एका बाजूला, काही न करता उभे राहणे. विदूषक जवळजवळ नेहमी स्वतःसाठी असतो : "तो या वेळी तरी उत्तर देईल असे मला वाटले होते 🤡". दगडी चेहरा (🗿) म्हणजे अजिबात न हलता ऐकून घेणे. आणि नखांना रंग लावणारा हात "मला काय त्याचे" असे सांगतो, बहुतेक वेळा अगदी तेव्हाच, जेव्हा फरक पडलेला असतो.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते असे. वाईट बातमी सरळ लिहिली, की समोरच्याने सांत्वन करणे भाग पडते, आणि तो अवघडलेला क्षण आम्हाला नको असतो. "अगदी अप्रतिम" असे लिहून त्यापुढे कवटी ठेवली, तर समजणारा समजतो, आणि कोणी फार खोलात विचारू लागले तर "अगं, गंमत केली" असे म्हणून मागे सरकायला जागा राहते. तुमच्या भाचीने तुम्हाला हे लिहिले याचा अर्थ, तुम्ही समजणाऱ्यांपैकी आहात असे तिने धरले होते. आई-वडिलांना मी असे कधीच लिहीत नाही. त्यांना मी "नाही झाले" एवढेच कळवीन. म्हणून तीन दिवसांचे मौन रागाचे असेल असे मला वाटत नाही. अभिनंदन आल्यावर तिला खरी गोष्ट पुन्हा, आणि या वेळी उघड शब्दांत सांगावी लागणार होती, आणि ते तिच्याने झाले नसावे.

खिडकीपाशी

थोडी तांत्रिक भर घालतो. युनिकोड हे संगणकावरील अक्षरे आणि चिन्हे यांचे जगभर चालणारे प्रमाण प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एक नाव देते, पण चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. त्यामुळे पाठवणारीच्या पडद्यावर दिसते ते आणि आपल्याला दिसते ते हुबेहूब सारखे असेलच असे नाही. काही वर्षांपूर्वी ॲपलच्या फोनवरचा एक दात दाखवून हसणारा चेहरा इतका ताणलेला होता की तो वेदनेचा वाटे, तर इतर फोनांवर तोच चेहरा आनंदी दिसे. शिवाय काही चिन्हे आपल्याला वाटते त्याहून बरीच नवी आहेत. उलटा चेहरा २०१५ साली युनिकोडच्या ८.० या आवृत्तीत आला आणि वितळणारा चेहरा २०२१ साली १४.० मध्ये. तो चेहरा हसतच वितळतो आहे, म्हणजे विसंगती आता चित्रकारानेच एका चिन्हात बसवून दिली आहे.

अंगठ्याबद्दलही सांगतो. आपल्या पिढीला तो होकार वाटतो, परंतु अनेक तरुणांना एकटा अंगठा तुटक वाटतो, बोलणे संपवल्यासारखा. दुसरीकडे कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतातील एका न्यायालयाने २०२३ साली संदेशातून पाठवलेला अंगठा ही जवसाच्या विक्रीकराराला दिलेली संमती मानली. तेव्हा एकाच चिन्हाने एके ठिकाणी करार पक्का होतो आणि दुसरीकडे संभाषण बंद पडते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अक्षरओळख

अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या विवेचनातील उणीव दिसली. मी उपरोधाकडे केवळ अर्थाची रचना म्हणून पाहिले. तो आडोसाही असतो हे माझ्याकडून सुटले. व्याजस्तुतीत निंदा स्तुतीच्या आड ठेवलेली असते. येथे दुःख स्तुतीच्या आड ठेवले आहे, आणि ज्या माणसाची स्तुती चालली आहे तीच दुःखी आहे. याला आपल्या परंपरेतले नेमके नाव मला चटकन सापडत नाही.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल एवढेच म्हणेन की, त्याच चिन्हांत उत्तर देऊ नये. ज्या बोलीत आपण घडलो नाही, तिच्यातील उपरोध आपल्या हातून बहुधा चुकतो, आणि चुकलेला उपरोध थट्टेसारखा लागतो.

निळी शाई

सर्वांचे मनापासून आभार. अर्धविराम, तू लिहिलेले वाक्य, की तिने मला समजणाऱ्यांपैकी धरले होते, मी पुन्हा पुन्हा वाचले. काल रात्री मी भाचीला साध्या शब्दांत लिहिले : "तुझा संदेश मी चुकीचा वाचला. निकाल कळला आहे. बोलायचे असेल तेव्हा बोल, नसेल तर मी रविवारी नुसती येऊन बसते." कोणतेही चिन्ह लावले नाही. तासाभराने तिचे उत्तर आले : "ये आत्या 🧍".

पंधरवड्यापूर्वी मी त्या उभ्या माणसाकडे पाहून ती कोठेतरी निघाली आहे असे समजले असते. आता मी रविवारी जाते आहे, आणि तिने होकार दिला तर तिच्याकडूनच हे सगळे एकदा नीट समजून घेणार आहे.