इटोंच्या सूत्रात (रँडम हालचालींसाठीच्या कलनाच्या नियमात) लॉगच्या चढातून होणारी वजाबाकी कुठून येते?

धनश्री: सुरुवातीचा भाव १००, वार्षिक ड्रिफ्ट (सरासरी वाढीचा दर) ०.१०, व्होलॅटिलिटी (चढउतारांचा जोर) ०.३०. भावाच्या लॉगला (लॉगॅरिदमला) वर्षाला ०.१० चढ देऊन सिम्युलेशन चालवलं की वर्षाअखेरची सरासरी ११५.६ च्या आसपास येते. हवी ११०.५. रँडम आकडे तपासलेत, ते ठीक आहेत. आणि हे कियोशी इटो अर्थतज्ज्ञ होते का?

माधव_क: लॉगचा चढ ०.०५५ घ्या. ०.३० चा वर्ग ०.०९, त्याचा निम्मा म्हणजे ०.०४५ वजा करायचा.
ब्राउनियन गतीत (सतत चालणाऱ्या रँडम हालचालीत) उडी साधारण वेळेच्या तुकड्याच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे उडीचा वर्ग सरासरीने तुकड्याएवढाच भरतो. नेहमीच्या कलनात टेलर विस्तारातलं (छोट्या बदलाच्या वाढत्या घातांच्या बेरजेतलं) दुसऱ्या घाताचं पद आपण बिनधास्त सोडून देतो. इथे ते सोडलं की हिशेब फसतो. लॉगचा दुसरा अवकलज ऋण, म्हणून वजाबाकी.
पडताळा घ्या: वर्षाचे १०,००० तुकडे करून उड्यांच्या वर्गांची बेरीज करा. १ येईल, फरक ०.०१४ च्या घरातला.

निशिगंधा: अर्थतज्ज्ञ? छे! जन्म १९१५, मिए प्रांतातला. १९३८ मध्ये टोकियोहून पदवी, मग सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी. रशियन गणिती कोल्मोगोरोव्हच्या समीकरणांतून संभाव्यता कशी बदलते ते कळत होतं; इटोंना रँडम हालचालीची प्रत्यक्ष वाटच समीकरणात पकडायची होती. ते काम १९४२ मध्ये, ऐन युद्धात, जपानीत आणि सायक्लोस्टाइल केलेल्या नियतकालिकात आलं, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ताच नव्हता. संकलावरचा (इंटिग्रलवरचा) इंग्रजी लेख १९४४ चा. ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीच्या हक्काच्या) किमतीसाठी हे गणित वापरलं ते १९७३ मध्ये. गणिताच्या उपयोगांसाठीचं पहिलं गाउस पारितोषिक इटोंना २००६ मध्ये मिळालं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या त्यांच्या व्याख्यानांची टिपणं १९६० मध्ये छापली गेली. तीही चाळा, पण सोपी नाहीत.

माधव_क: एक राहिलंच. स्वतः संकल काढताना प्रत्येक तुकड्याच्या डाव्या टोकाची किंमत घ्या, कारण पुढची उडी आधी कळत नसते. मधली घेतलीत तर स्ट्राटोनोविचचा संकल मिळतो. त्यात नेहमीच्या कलनातला साखळी नियम जसाच्या तसा चालतो, पण संकलाची सरासरी शून्य राहीलच असं नाही. दोन्हींची सरमिसळ नको.

धनश्री: ०.०५५ घेतल्यावर सरासरी ११०.५ आली. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा भाव) मात्र १०५.७ च दिसतोय?

माधव_क: तेवढाच यायला हवा. मोजके मोठे भाव सरासरीला वर ओढतात, मध्यकाला नाही.